द्वादशीला तुळशीवर कात्री

मंडळी, आज सकाळी तुळशीला पाणी घालताना हात थांबला. एका फांदीचा काळेपणा कालपेक्षा बोटभर खाली, खोडाजवळ आला होता. हे रोप आईने गावाहून पाठवलेलं. फोनवर ती माझ्याआधी तुळशीची चौकशी करते. बुरशी खोडात शिरली तर झाड वाचणार नाही.

मी बारीक टोकाची छाटणीची कात्री काढली. बायको म्हणाली, "अहो, आज द्वादशी! तुळशीचं पानसुद्धा तोडत नाहीत. उद्या कापा."

"बुरशी पंचांग बघून थांबणार आहे का?"

"मग मला काय विचारता? देवाला विचारा."

हात जोडून उभा राहिलो. मन काही स्थिर होईना.

काल याच कात्रीने रोगट गुलाब छाटला होता. पात्यांवर त्याचा रस तसाच होता. आधी साबणाने धुतली, स्पिरिटने पुसली, कोरडी केली. तोवर बायको कुंडी धरून बसली होती. "हात हलवू नका," एवढंच म्हणाली.

तुमच्या घरी काय केलं असतं, जरूर सांगा. मी डोळे मिटून तुळशीची क्षमा मागितली, डोळे उघडले आणि काळ्याच्या खाली, हिरव्या भागात कात्री चालवली.