पाणी बघून घ्या

संप फसला, गिरणी सुटली आणि तो मुलुंड स्टेशनबाहेर नारळ विकायला बसला. वीस वर्षं साच्यांच्या खडखडाटात कापड विणून त्याचे कान गेले होते. तिथे सगळे एकमेकांचे ओठ वाचूनच बोलत. तसाच तो गिऱ्हाइकाच्या ओठांवर नजर ठेवायचा. नारळ हलवून माझ्या कानाशी धरायचा आणि विचारायचा, "वाजतंय ना पाणी, ताई?"

एकदा रस्त्यापलीकडूनच मी बहिणीला म्हटलं, "त्याच्याकडूनच घेऊ गं. बहिरा आहे बिचारा."

जवळ गेलो, तर त्यानं नारळ पुढे केला. "बिचारा म्हणून नका घेऊ. पाणी बघून घ्या."

मी माफी मागितली, दोनदा. तो खाली मान घालून नारळ सोलत राहिला. माझ्या ओठांकडे त्यानं पाहिलंच नाही.