नानांचा सात ऑगस्ट

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या नानांचा वाढदिवस मी एक महिना पुढे ढकलला. संगणकावर सभासदांची यादी करताना त्यांच्या नावापुढे मी ८/७ लिहिलं, म्हणजे आठ जुलै. स्प्रेडशीटने मला न विचारता त्याचा सात ऑगस्ट केला आणि मीही न वाचता ती यादी फळ्यावर लावली.

सात ऑगस्टला पेढे आणि गुलाब घेऊन आम्ही नानांच्या दारात हजर झालो.

"या," नाना म्हणाले. "गेल्या महिन्यात इस्त्रीचा सदरा घालून दिवसभर तुमचीच वाट पाहिली. हिने शिरासुद्धा केला होता."

मी सगळं खापर स्प्रेडशीटवर फोडलं. फोडता फोडता वाटलं, तिने तरी वेगळं काय केलं? दोन आकडे दिसले की तिला सगळं समजल्यासारखं वाटतं. माझंही माणसांच्या बाबतीत तेच होतं. नानांनी तोंड उघडलं की त्यांचं वाक्य मीच पुरं करतो, आणि ते गप्प बसले की त्यांना पटलं असं धरून चालतो. गुलाब अजून माझ्याच हातात होता.

"तिचं सोड, ती मला ओळखत नाही," नाना म्हणाले. "तू चाळीस वर्षं माझ्या शेजारी राहतोस, गाढवा."