मोजायचा कॅमेरा आणि काढायचा कॅमेरा

सोलो शहरातल्या जुन्या बाजारामागे पाक तुकिरान, म्हणजे आमचे तुकिरानराव, यांचा फोटो स्टुडिओ होता. ओळखपत्राचे फोटो, लग्नाचे फोटो, म्हातारं माणूस जायच्या आत घाईनं काढून ठेवायचे फोटो, सगळ्यासाठी आमची आळी त्यांच्याचकडे जायची. स्टुडिओ बंद होऊन नऊ वर्षं झाली, पण आमच्या गामेलान मंडळाचा, म्हणजे वाद्यवृंदाचा, दरवर्षीचा फोटो ते अजून त्याच जुन्या कॅमेऱ्यावर, फिल्मवरच काढतात. एकेचाळीस फोटो मंडळाच्या भिंतीवर ओळीनं लटकतायत. मी मंडळात मोठा गाँग, ती टांगलेली पितळी थाळी, वाजवतो. म्हणजे बहुतेक वेळ नुसता बसून असतो आणि बाकीच्यांकडे बघतो, त्यामुळे झालेलं सगळं मी नीट पाहिलंय.

त्या जुन्या कॅमेऱ्याला स्वतःहून उजेड कळत नाही. भिंग किती उघडायचं, किती वेळ उघडायचं, ते बाहेरून मोजून त्याला सांगावं लागतं. मोजायचं यंत्र गेल्या पावसाळ्यात मेलं. तेव्हा एन्दाहनं, म्हणजे पाकच्या मुलीनं, आपला छोटा डिजिटल कॅमेरा आणून दिला.

"बाबा, आधी यात एक काढून बघा. बरा आला की यातलेच आकडे तुमच्या कॅमेऱ्यावर लावा."

युक्ती चांगली होती. माणसं कुठे चांगली होती?

त्या रविवारी बू सुमार्नी, म्हणजे सुमार्नीबाई, फोटोला शेवटच्या वेळी येणार होत्या. मंडळात गाणाऱ्या त्या, वय अठ्ठ्याहत्तर. लेक त्यांना कायमचं समुद्रापलीकडे, लाम्पुंगला, घेऊन चालली होती. दहा वाजता दारात गाडी यायची होती.

साडेआठला आम्ही अकराजण अंगणात आपापल्या वाद्यामागे बसलो. पाकनी तिपाईवर जुना कॅमेरा लावला, गळ्यातला छोटा उचलला आणि कळ दाबली. आम्ही हसलो. आवाज आला तसे उठलो.

"अहो, निघालात कुठे?"

"झाला ना फोटो," ढोल वाजवणारे जुमादी म्हणाले.

"तो फोटो नव्हता! उजेड मोजत होतो मी!"

"मग हसायला कशाला लावलंत?"

"मी लावलं? तुमचे तुम्ही हसलात!"

तोवर जेवणाचं बघणाऱ्या लास्तिनीबाईंनी छोटा कॅमेरा पाकच्या हातातून घेतलासुद्धा. "अगंबाई, काय छान आलाय! पाक, हाच द्या की सगळ्यांच्या फोनवर. परत त्या डबड्यात कशाला?"

पाकनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. चाळीस वर्षं ज्याच्यावर पोट भरलं त्याला डबडं म्हटल्यावर माणूस काय करणार? सगळ्यांना गोळा करून बसवेपर्यंत ढग आला. उजेड बदलला. पुन्हा मोजणं आलं. पुन्हा छोटा कॅमेरा वर गेला, पुन्हा सगळे हसले, आणि आवाज झाल्याबरोबर तिघंजण थेट भाताच्या पातेल्यापाशी!

"हा तराजू आहे, तराजू!" पाक ओरडले. "बाजारात मिरच्या तोलल्या की काय तराजू घरी नेता?"

"तराजूत मिरच्यांचा फोटो दिसत नाही ना," जुमादी तोंडात घास घेऊन म्हणाले.

या सगळ्यात बू सुमार्नी तेवढ्या जागच्या हलल्या नव्हत्या. ठेवणीतला पांढरा ब्लाउज, मांडीवर हात. त्या म्हणाल्या, "तुकिरान, ओरडायचं तेवढं ओरड, पण लवकर ओरड. माझी गाडी आलीय."

खरंच दारात भोंगा वाजत होता. पाकनी मग आमच्याकडे चक्क पाठ फिरवली. डावा तळवा उजेडात धरला आणि छोट्या कॅमेऱ्यानं त्याचाच फोटो काढला. कोणी हसलं नाही, कोणी उठलं नाही. थोडा हिशोब पुटपुटले, जुन्या कॅमेऱ्यावर आकडे फिरवले आणि लागोपाठ चार फोटो काढले. मग बू सुमार्नींची पिशवी स्वतः गाडीपर्यंत नेली, आणि भोंगा वाजवल्याबद्दल ड्रायव्हरला दोन शब्द सुनावले.

संध्याकाळी ते माझ्या घरी आले. चेहरा उतरलेला.

"हार्दी, माती केली मी. फिल्म शंभरची. छोट्या कॅमेऱ्यावर आकडा चारशेचा होता. एन्दाहनं घरात मांजरीचे फोटो काढले होते, तेव्हाचा. चौपट भराभर उजेड पिणाऱ्या फिल्मसाठी मोजला मी उजेड. आपल्या फिल्मला पावच मिळाला."

"एन्दाहनं सांगायला नको?"

"तिनं काय सांगायचं? बघायला मी नको? उभा जन्म दुसऱ्यांना हेच शिकवलं, आधी फिल्मचा आकडा बघा. आणि ती बाई आता परत येणार आहे का बसायला?"

एकच उपाय होता. फिल्म धुवायच्या औषधात नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्यांनी न्हाणीघराच्या फटी काळ्या कापडानं बंद केल्या. अंधारात फिल्म औषधाच्या झाकणबंद डब्यात घातली, मग दिवा लावला. घड्याळ धरायला मी. आत उकडत होतं. डबा हलवताना पाक जुमादींना, ढगाला, मांजरीला आणि स्वतःला आळीपाळीनं शिव्या देत होते. मी मिनिटं सांगत होतो.

फिल्म बाहेर आली ती फिकी, पण अगदीच कोरी नव्हती. छपाईनंतर फोटोत रवा पेरल्यासारखे दाणे दिसत होते. कडेला बसलेल्यांच्या डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खोबणी, मी तर ओळखूच येत नव्हतो. बू सुमार्नी मात्र मधोमध स्वच्छ आल्या होत्या. पांढरे केस, पांढरा ब्लाउज, आणि 'आटपा रे' असं म्हणणारं तोंड.

पाकनी फोटो उजेडात धरला. "वाईट आहे," म्हणाले. मग म्हणाले, "पण आहे."

एक प्रत भिंतीवर गेली, एक टपालानं लाम्पुंगला. तीन आठवड्यांनी माझ्या फोनवर बू सुमार्नींचा बोललेला निरोप आला. "तुकिरानला सांग, फोटो मिळाला. पलंगासमोर लावलाय. रोज सकाळी तुम्ही सगळे दिसता, थोडे भुतासारखे, पण दिसता. आणि त्या छोट्या कॅमेऱ्यातलाही पाठव म्हणावं. त्यात मी हसत होते."

पाकनी तो निरोप दोनदा ऐकला.

"पुसले मी ते," ते म्हणाले. "सगळे. त्याच दिवशी, रागानं."

मग माझ्याच फोनवरून त्यांनी बू सुमार्नींना फोन लावला. अर्धा तास बोलले. त्यातला बराचसा वेळ, कळ दाबायच्या आत हसू नये, हे त्यांना समजावण्यात गेला. पलीकडून त्या काय म्हणत होत्या ते ऐकू येत नव्हतं, पण पाक मधूनमधून टोपी काढत होते, पुन्हा घालत होते.