शाहीन मॅडम आणि आमचं सलून

माझ्या वडिलांनी गावाला रोग दिला, असं सगळं गाव म्हणत होतं.

ते खोटं होतं. हे शोधून काढणाऱ्या डॉ. शाहीन मॅडम काल दुपारी नांदेडला घरीच वारल्या. हार्टचा त्रास होता.

बिलोलीपासून थोडं आत आमचं गाव. स्टँडसमोर माझ्या वडिलांचं, अण्णांचं सलून.

मी बारावीला होते तेव्हा गावात बऱ्याच जणांच्या रक्तात हेपेटायटिस सी निघाला. लिव्हर आतून खराब करणारा व्हायरस, रक्तातून रक्तात जाणारा.

रक्त म्हटलं की लोकांना वस्तरा आठवला. वस्तरा म्हटलं की अण्णा.

आठ दिवसांत सलून रिकामं. अण्णा रोज सकाळी शटर उघडायचे, खुर्ची पुसायचे आणि पेपर घेऊन बसायचे. सख्खे चुलतेसुद्धा दाढीला दुसऱ्या गावी जाऊ लागले.

मग मॅडमची टीम आली. त्या मेडिकल कॉलेजात याच व्हायरसवर रिसर्च करायच्या. घरोघर जाऊन रक्त घ्यायच्या आणि लांबलचक फॉर्म भरायच्या. दाढी कुठं करता, गोंदलंय का, ऑपरेशन झालंय का, इंजेक्शन कुणाकडं घेता.

अण्णा रक्त द्यायला तयार नव्हते.

"माझ्यात निघालं तर गाव सोडावं लागंल, मॅडम."

"निघालं तर गोळ्या देईन, मामा. गाव कशापायी सोडता?"

अण्णांनी हात पुढं केला.

रिपोर्ट आले त्या दिवशी मॅडम आमच्या सलूनच्या बाकावर फॉर्म चाळत बसल्या होत्या. मी पाणी नेलं. मला म्हणाल्या, "बेटा, पॉझिटिव्हमध्ये निम्म्याहून जास्त बाया आहेत. बाया येतात का तुमच्याकडं दाढीला?"

एवढं साधं गावात कुणी विचारलंच नव्हतं.

सगळ्यांच्या फॉर्मवर एक उत्तर मात्र सारखं होतं. अंग दुखलं, अशक्तपणा आला की सगळे एकाच माणसाकडं जायचे. मोटारसायकलवर यायचा, डिग्री नव्हती, एकच सुई दोघा-तिघांना वापरायचा. अण्णांनीही त्याच्याकडून सलाईन लावून घेतलं होतं.

सरपंच मॅडमना म्हणाले, "त्यो माणूस लई चांगला हाय. अडीनडीला धावून येतो. त्याचं नाव नका काढू."

"माणूस चांगला असेल. सुई चांगली न्हाई," मॅडम म्हणाल्या.

आणि ग्रामसभेत उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. सलूनमुळं रोग आला असं तपासात कुठंही दिसलं नाही, हेही सांगितलं. मग सगळ्यांसमोर अण्णांकडं वळल्या. "पण मामा, ब्लेड दर गिऱ्हाइकाला नवीन पाहिजे. त्यातूनही हा जाऊ शकतो."

"हाव," अण्णा म्हणाले.

त्या माणसाचं येणं बंद झालं.

अण्णांचा रिपोर्टही पॉझिटिव्ह होता. दोन दिवस त्यांनी शटर उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी गोळ्या सुरू केल्या, रोज एक, तीन महिने. मॅडम दर सोमवारी फोन करायच्या. "मामा, गोळी चुकली तर नाही?"

कोर्स संपल्यावर काही महिन्यांनी पुन्हा टेस्ट झाली. व्हायरस सापडला नाही.

अण्णांनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग गपचूप उठून तोंड धुऊन आले.

पुढच्या आठवड्यात सरपंच स्वतः येऊन खुर्चीत बसले. माफी वगैरे कुणी मागितली नाही. अण्णांनी नवीन ब्लेडचं पाकीट त्यांच्यासमोर फाडलं आणि दाढीला सुरुवात केली.

मी आज लातूरला लॅब टेक्निशियन आहे. हा कोर्स कर, म्हणून मॅडमच मागं लागल्या होत्या.

आज सकाळी गावाहून जीप भरून नांदेडला आली. मीही पोचले. अण्णा आणि बाकी माणसं कब्रस्तानात गेली. आम्ही बाया मॅडमच्या आईजवळ बसलो.

एवढ्या अनोळखी बाया पाहून आईंनी विचारलं, "तुम लोगां कौन?"

आमच्या गल्लीतली गंगाबाई म्हणाली, "आमी मॅडमच्या पेशंट, माय. समद्या बऱ्या झालाव."

आईंनी मग एकेकीचा हात हातात घेतला आणि प्रत्येकीचं नाव विचारलं.

मॅडम, आमच्या सगळ्या गावाचा तुम्हाला शेवटचा सलाम.