धुऱ्याजवळचा कोरडा वाफा

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. इथं लोकांचे अनुभव वाचतो, खाली कोणी 'अंगावर काटा आला' लिहितं तेही वाचतो, आणि मोबाईल उशीखाली सरकवून देतो. आज सरकवणार नाही.

आधीच सांगून टाकतो – मी भूतखेत मानत नाही. पूर्वी मानत नव्हतो आणि पुढे जे लिहितोय ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरही मानत नाही. अमरावतीच्या एका शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं. गणपतीत मंडळवाले मला बोलवायचे. मी नारळातून धूर काढायचो, लिंबातून 'रक्त' काढायचो, आणि मग ते कसं काढलं तेही समोरच्यांना समजावून सांगायचो. भोवतालच्या खेड्यांत माझं नावच 'भुताचे सर' पडलं होतं. तेव्हा कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. पण एका बाईबद्दल टीव्हीवर जे दाखवलं गेलं ते धडधडीत खोटं होतं, आणि खरं काय ते माहीत असलेला मी एकटाच उरलोय.

आमचं घर वलगावला. गावाबाहेर दोन एकर वावर, काळी जमीन, एक विहीर, विहिरीजवळ कागदी लिंबाचं जुनं झाड. वावर माझा मोठा भाऊ, दादा करायचा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि दसरा-दिवाळीसाठी झेंडू. दादा गेला तो अमरावतीच्या भाजीबाजारात, सकाळी, भाजीची हर्राशी, म्हणजे लिलाव, चालू असताना. वांग्याच्या क्रेटवर हात टेकून खाली बसला आणि उठलाच नाही. हार्ट. अर्ध्या बाजारानं पाहिलंय. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे त्याचं काम आहे.

मग ते वावर वत्सलावहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, एकटीनं ओढलं. मी नोकरीवाला. येतो, येतो म्हणायचो. महिन्यातून एखाद्या शनिवारी जायचो.

असाच एक शनिवार. दसरा तोंडावर आला होता. शाळा अर्धी, मी दुपारी स्कूटर घेऊन थेट वावरात गेलो. लाईन आलेली होती, मोटर चालू, दांडातून पाणी झेंडूच्या वाफ्यांत चाललं होतं. वहिनी लिंबाखाली पदर तोंडावर घेऊन झोपलेली. कपाळाला हात लावला तर ताप. मोटर चालू करून जरा टेकली असेल आणि डोळा लागला असेल. म्हटलं झोपू द्या, आपण पाणी वळवू. ज्यांनी कधी ओलित केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो – एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्याचं फोडायचं. माणूस हललं नाही तर पाणी एकाच वाफ्यात साचून राहतं. आपोआप पुढे जात नाही.

मी चपला काढल्या, पँट वर दुमडली. तेवढ्यात भरलेल्या वाफ्यात जाणारं पाणी थांबलं आणि पुढच्यात वळलं.

मला वाटलं, माती ढासळली. ढासळते. मी विहिरीच्या काठावर बसून राहिलो. तो वाफा भरला... पाणी त्याच्या पुढच्यात गेलं. मग त्याच्याही पुढच्यात. ऊन असं होतं की झेंडूचं पान न् पान दिसत होतं, आणि वाफ्यांवर कोणी नव्हतं.

उठून जवळ गेलो. वाफ्यांची तोंडं ओल्या मातीनं बुजवलेली, चापून सपाट केलेली. फावडं वहिनीच्या उशाशी पडलेलं, त्याच्या पात्यावरचा चिखल वाळून पांढरा झाला होता. ओल्या दांडात पाऊल उमटवल्याशिवाय कोणाला उभंच राहता येत नाही, आणि तिथं पावलं होती फक्त माझी, आत्ताच उमटलेली.

मी विज्ञानाचा मास्तर. उंदीर, घूस, जमिनीचा उतार, सगळं मनात येऊन गेलं. मग पाणी ओळीच्या टोकाला पोचलं. शेवटचा वाफा धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. तिथं बाजूच्या वावरातून पाझर येतो, वरून पाणी दिलं की झाडं सडतात. मी तरुण असताना एकदा तो भरला तर दादानं मला सगळ्यांदेखत झापलं होतं, "मास्तर झाला पण वाफा वाचता नाही येत तुले." दादा तो वाफा नेहमी सोडायचा. पाणी धुऱ्याच्या त्या वाफ्यापाशी आलं, क्षणभर थांबलं असं मला वाटलं, आणि त्याला वगळून पलीकडच्या ओळीत शिरलं.

आता मला सांगा, घुशीला हे कोणी शिकवलं?

मला भीती वाटली नाही. हे ठासून सांगतो. दादा घरात असताना जसं वाटायचं तसं वाटलं, की आपल्याला आता काही करायला नको. मी परत काठावर येऊन बसलो. पलीकडची ओळ भरत आली तेव्हा लाईन गेली, मोटर थांबली, आणि त्या शांततेनं वहिनी जागी झाली. दचकून वाफ्यांकडे पाहिलं.

"अगं माय... भाऊजी, तुमी कवा आले? पानी तुमी वळवलं?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच. तोंडातून निघून गेलं. दुसरं काय म्हणणार होतो?

ती वाफ्यांपर्यंत चालत गेली, टोकाशी थांबली. "धुऱ्याजवळचा सोडला तुमी. मी तं दरवेळी भुलते, भरूनच टाकते. अगदी तुमच्या दादावानी केलं."

ती शाबासकी मी घेतली. तापातही ती हसत होती.

हे पोटात घेऊन मी रिटायर झालो. नंतर एक हॉरर मालिका लागायची, दर भागात नवी गोष्ट, आणि शेवटी पाटी – तुमचा खरा अनुभव आम्हाला कळवा. मी कळवला. मुंबईहून एका पोराचा फोन आला.

"सर, त्या पाण्यात काही दिसलं का? चेहरा वगैरे?"

"चिखल होता."

"आवाज?"

"मोटरचा."

"सर, स्टोरी छान आहे, पण यात भीती कुठे आहे?"

"नाहीच. म्हणून तर सांगतोय."

"बरं, आणि हे पाहिलं कोणी? तुम्ही?"

नारळातून धूर काढून दाखवणारा माणूस हो कसं म्हणेल? मी म्हणालो, "माझ्या वहिनीनं."

ज्या बाईनं काहीच पाहिलं नव्हतं, जी तापात झोपली होती, तिच्या नावावर मी ते लावून दिलं. वर चहाच्या टपरीवर सांगत सुटलो, आमच्या वावरातली गोष्ट टीव्हीवर येऊन राहिली.

रविवारी दुपारी रिपीट होता, तेव्हा आमच्या बैठकीत सगळे जमले. शेजारचा गजूभाऊ खुर्ची घेऊन बसला. वहिनी दाराशी, मांडीवर सूप, अंबाडीचा पाला निवडत. कशासाठी बोलावलंय ते तिला मी नीट सांगितलंच नव्हतं.

इतका टुकार भाग मी कधी पाहिला नाही. विधवा बाई पांढरी साडी नेसून, पैंजण घालून मध्यरात्री झेंडूच्या शेतात फिरते. वर ढगाआडून चंद्र. गजूभाऊ म्हणाला, "सर, आता लाईन जाते पाहा." लाईन गेली. "आता मांजर." मांजर आलं. "काई नवीन नाई राजेहो, हे तं मी बी लिहिलं असतं."

वहिनी हसून म्हणाली, "पांढरं नेसून ओलाले गेली थे? धुते कोन मंग?"

सगळे हसले. मग पाणी लाल झालं. "झालंच पायजे," गजूभाऊ म्हणाला. मग मांत्रिक आला, त्यानं लिंबू कापलं, त्यातून रक्त आलं, माझाच प्रयोग, तोही नीट जमला नव्हता. मग विहिरीतून नवऱ्याचा हात वर आला. गजूभाऊ म्हणाला, "म्हंजे हिनंच ढकललं त्याले." आणि खरंच, तसंच निघालं. बायकोनं नवऱ्याला विहिरीत लोटलं होतं, म्हणून तो पाणी वळवायला परत येत होता. शेवटी बाई विहिरीत. पाटी आली – अमरावतीजवळच्या एका गावातील सत्य घटनेवर आधारित.

आता कोणी हसलं नाही. गजूभाऊ चपला शोधायला लागला.

वहिनीनं सूप खाली ठेवलं. "भाऊजी, हे आपल्या वावरावरून घेतलं का? असं काई झालतं का तिथं?"

"नाही," मी म्हणालो. "सगळं बनवलेलं असतं."

"तुमचे दादा तं बाजारात गेले."

"हो ना."

"मंग हे असं काहून दाखवलं?"

मी रिमोट हातात घेऊन चॅनल बदलत बसलो.

हसण्यावारी जाईल असं मला वाटलं. नाही गेलं. त्या दसऱ्याला ती फुलं घेऊन अमरावतीला गेली, तर वर्षानुवर्षं तिची फुलं घेणारी हारवाली म्हणाली, "मावशी, फुलं चांगलेच हायेत. पन गिऱ्हाईक इचारते, कोनच्या वावरातले. देवाले वाहाचे असतात ना." वहिनीनं पोती तशीच परत आणली आणि धुऱ्यावर ओतली. सगळा धुरा पिवळा झाला होता.

मला एक सभा घ्यायची होती, बस. चौकात उभं राहून म्हणायचं होतं – ही गोष्ट मी सांगितली, पाहिलं मी, हिनं नाही, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. जन्मभर हेच तर केलं होतं. पण त्या वेळी गेलो नाही. 'भुताच्या सरांनी भूत पाहिलं' हे ऐकायची माझी हिंमत नव्हती, असं आता सरळच म्हणतो.

वहिनीनं वावर ठोक्यानं, वर्षाच्या ठरलेल्या पैशावर, दुसऱ्याला करायला दिलं आणि अकोल्याला मुलीकडे, शीलाकडे, राहायला गेली. मी तिला भेटायला गेलो तेव्हा मात्र ठरवून गेलो होतो. एसटीत मूर्तिजापूरपासून मनात वाक्य जुळवत होतो. पिशवीत त्या झाडाची लिंबं घेतली होती.

"एवढ्या उन्हात काहून आले?" ती म्हणाली. खूप वाळली होती. गॅलरीत कुंड्या, मगानं त्यांना पाणी घालत होती. लिंबं हुंगून पाहिली. "थे झाड हाय अजून?"

"हाय."

चहा झाला. मी म्हणालो, "वहिनी, त्या टीव्हीच्या वेळचं—"

"सोडा ना आता. शीला बी तेच उगाळते." तिनं मग कुंडीत ठेवला. "भाऊजी, खरं सांगू? मले तुमचा राग आलता तवा. तुमीच टपरीवर बोलले म्हणून लोकाईनं सांगतलं मले. पन मंग मले थो दिवस आठोला. मी तापात पडली होती अन् तुमी गुपचूप सगळे वाफे ओलले. उठोलं बी नाही. म्हटलं, तुमचे दादा गेले, पन मागं घरचं मानूस हाय. त्याच्यावर काढले मी एवढे वर्षं."

तिचा नवरा त्या दुपारी तिच्यासाठी आला होता आणि ती त्याचे उपकार माझ्या नावावर मांडून बसली होती. सांगितलं असतं तर मी तिच्या हिशेबातून गेलो असतो, दादा आला असता. तो तिचा होता. मी सांगितलं नाही. शेवटची एसटी धरायची म्हणून उठलो. ती दारापर्यंत आली, "येत जा" म्हणाली.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. धुऱ्याजवळच्या वाफ्याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही, आणि कोणी मला खाली घूस, भ्रम, उन्हाचा परिणाम लिहून समजावू नये, ते सगळं मी तुमच्या आधी करून पाहिलंय. कोणी भूतही म्हणू नये. भूत त्या टीव्हीच्या भागात होतं. आणि ज्यांनी तो भाग पाहिला त्यांना सांगतो, त्या बाईनं कोणाला ढकललं नाही, ती कधी घाबरली नाही, तिची फुलं देवाला चालण्यासारखी होती.

एसटीत जुळवलेलं वाक्य लहानच होतं, मूर्तिजापूर ते अकोला पुरेल एवढं. वहिनी, माझं चुकलं. त्या दिवशी पाणी मी नव्हतं वळवलं.