पंगतीतून उठायचं नसतं

"बड्या पाहुण्यांना टेबल, बाकीच्यांना खाली सतरंजी," आमचे डायरेक्टर फोनवर म्हणाले. खुलताबादजवळच्या गावात जेवण होतं आणि पाहुणे वाटेत होते.

मी लायझन ऑफिसर. म्हणजे परदेशी पाहुणे विमानातून उतरल्यापासून परत चढेपर्यंत त्यांची गाडी, जेवण, भेटीगाठी, सगळं माझ्या गळ्यात. संभाजीनगरात शेतीवर आंतरराष्ट्रीय परिषद चालू होती. आफ्रिकेतल्या एका छोट्या देशाच्या मंत्री, आमिनाताबाई, माझ्याकडे होत्या. त्यांच्याकडे कापूस पिकतो. श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्यांना सबसिडी देतात, त्यांचा कापूस बाजारात स्वस्त पडतो आणि बाईंच्या लोकांचा माल पडून राहतो. हा विषय समारोपाच्या बैठकीत घ्या, एवढंच त्यांचं मागणं. त्याला एका बड्या देशाच्या शिष्टमंडळाच्या प्रमुखांचा होकार हवा होता. पण प्रमुखांना भेटायला वेळच नव्हता. बाई रडकुंडीला आल्या होत्या. माझं माहेर सिल्लोडचं. कापसाचा भाव पडला की घर कसं गप्प होतं, ते मला कुणी सांगायला नको.

डायरेक्टरांचा निरोप मी सरपंच रावसाहेबअण्णांना सांगितला. त्यांनी हातच जोडले.

"नाय जमायचं मॅडम. आमच्यात अशा दोन पंगती नसतेत. समदे एका वळीत."

"अहो अण्णा, डायरेक्टर मला खातील!"

"खाऊ द्या. आधी भाकर तर खातील."

काय करणार? सतरंज्या अंथरल्या. कुणाशेजारी कोण, ते मात्र माझ्या हातात होतं. बाईंना मी प्रमुखांच्या शेजारी बसवलं.

प्रमुख भराभर जेवले, घड्याळ पाहिलं आणि उठायला लागले. अण्णा येसर आमटीची बादली घेऊन आडवे आले. "ओ साहेब, बसा! शेजारच्या ताईंचं व्हायचंय अजून."

मी इंग्रजीत समजावलं, "पंगतीत शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठत नाही. यजमानाला वाईट वाटतं." प्रमुख ओशाळून बसले.

आमिनाताबाईंनी ते ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. आणि शांतपणे आणखी एक भाकरी मागितली.

ती भाकरी संपेपर्यंत त्या कापसावर बोलत राहिल्या. आधी प्रमुख नुसतं ताटाकडे बघत होते. मग प्रश्न विचारू लागले. मग त्यांनीही आमटी मागितली.

संध्याकाळी विषय समारोपात आला. सबसिडी काही थांबली नाही, एका जेवणात ते होतही नसतं. पण दोन्ही देशांनी समोरासमोर बसून बोलायचं ठरलं. विमानतळावर बाईंनी मला घट्ट मिठी मारली. "पोट अजून दुखतंय गं," असं इंग्रजीत म्हणाल्या. मला हसूही आलं आणि रडूही.

डायरेक्टरांनी झापलंच. "सगळ्यांना एका ओळीत कुणी बसवलं?"

"गावानं, सर."

तेव्हापासून माझ्या प्रोग्रॅममध्ये शक्यतो बुफे नसतो. बुफेतून माणूस ताट घेऊन सटकतो.