सुहासच्या कार्यक्रमाची खोटी तारीख

गेल्या शनिवारी संध्याकाळी मी सावेडीतल्या एका हॉलच्या पायऱ्यांवर एकटीच बसले होते. दाराला कुलूप होतं. आत काही कार्यक्रम नाही हे मला माहीत होतं, तरी बसले होते...

सुहास माझा धाकटा भाऊ. नागापूरला एमआयडीसीत नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात गायचा. अभंग, भावगीतं. दरवर्षी थंडीत याच हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम व्हायचा, कुणीही यावं आणि ऐकावं. या मे महिन्यात तो गेला. कामावरून घरी आला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तारखेच्या बाबतीत तो फार काटेकोर होता. हॉल पक्का झाला, तबला आणि पेटीवाल्यांनी हो म्हटलं, की मगच फेसबुकवर टाकायचा. त्याआधी मलाही सांगायचा नाही. "ताई, लोक सुट्टी काढून, एसटीत उभं राहून येतात गं. आपण उगाच हवा करून कसं चालेल?"

आणि दिवाळीनंतर एका मैत्रिणीनं मला लिंक पाठवली. कार्यक्रमांच्या तारखा देणारी कुठलीतरी वेबसाइट. त्यावर सुहासचा हसरा फोटो, खाली हॉलचं नाव, शनिवार, संध्याकाळी सहा. खरं सांगते, क्षणभर माझ्या मनात आलं... कुठली साडी नेसावी?

मग भानावर आले. मग राग आला. हॉलवर फोन केला, तर असं बुकिंगच नव्हतं. वेबसाइटला मेलवर मेल केले, उत्तर नाही. बहुतेक गेल्या वर्षीचीच माहिती उचलून नवी तारीख चिकटवली असावी, नक्की काय ते अजून कळलेलं नाही. सुहासच्या स्वतःच्या पेजवरही आम्हाला काही लिहिता येईना, पासवर्ड फक्त त्यालाच माहीत होता. तिथली शेवटची पोस्ट गुढीपाडव्याच्या शुभेच्छांची आहे. तो गेल्याचं तिथे एका अक्षरानंही नाही.

म्हणून मी जाऊन बसले. कुणी आलंच, तर कुलूप बघून परत जायला नको. घरच्या माणसानं सांगावं.

सहा वाजून गेले, कुणी आलं नाही. बरं वाटलं. आणि थोडं वाईटही...

उठणार, तेवढ्यात रिक्षातून एक वयस्कर नवरा-बायको उतरले. काकांच्या गळ्याला मफलर, हातात कापडी पिशवी. काकू कुलूप बघून घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "कार्यक्रम हितंच हाय ना बाई? आमी देवळाली प्रवऱ्याहून आलो. लेकीनं मोबाईलमधी बघून सांगितलं, आज हाय म्हून."

मी काही बोलायच्या आत त्यांनी त्यांचंच सुरू केलं. काका गावच्या भजनात गायचे. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज पार गेला. गेल्या वर्षी ते इथे आले होते, तेव्हा गाणं संपल्यावर सुहास खाली उतरून त्यांच्याजवळ येऊन बसला होता.

"त्यो म्हनला, काका, आवाज गेला, हात तर हायेत ना? फुडल्या साली टाळ घिऊन या, माझ्या शेजारी बसा." काकू सांगत होत्या. "त्याच्याआधी टाळाला हातबी लावत न्हवते. आता रोज सांजच्याला वाजवत्यात."

काकांनी पिशवीतून टाळ काढून मला दाखवले. चिंचेनं घासून लख्ख केलेले.

काय सांगायचं ते मी घरून ठरवून आले होते. त्यातलं काहीच आठवेना. "मी सुहासची बहीण," एवढंच म्हणाले. काकूंनी माझा दंड धरला. "काय झालं गं?"

सांगितलं.

काकू मटकन पायरीवर बसल्या. काका उभेच राहिले. त्यांचे ओठ हलले, पण आवाज नव्हता. काकूंनीच डोळे पुसत विचारलं, "कवा, म्हनत्यात ह्ये."

"मे महिन्यात," मी म्हटलं.

काका हळूच पायरीवर बसले, माझ्यापासून जरा जागा सोडून. टाळ हातात घेतले, डोळे मिटले आणि वाजवायला लागले. आधी अगदी हळू, मग लय धरून. ओळ संपल्यासारखे मधेच थांबायचे, आणि पुन्हा उचलायचे. ओठ सारखे हलत होते. कुठला अभंग ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. भाऊ गेल्यापासून घरात लोकांना चहा-पाणी विचारता विचारता माझं रडणं राहूनच गेलं होतं... ते त्या पायरीवर झालं. काकूंनी माझा हात सोडला नाही.

एसटीची वेळ झाली तेव्हा काकू म्हणाल्या, "आता तू ये आमच्याकडं. ह्यांचं वाजवनं ऐकाया."

तर, हे सगळं लिहायचं कारण एवढंच. सुहासचा कार्यक्रम आता होणार नाही. त्याचं गाणं आवडणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्यांना कळवा. आणि कुठल्याही वेबसाइटवर तारीख दिसली, तरी लांबून निघण्याआधी हॉलला एक फोन करा.

त्या गडबडीत मी काकूंचा नंबरही घेतला नाही. ज्या लेकीनं त्यांना मोबाईलमध्ये बघून ती तारीख सांगितली, तिच्यापर्यंत ही पोस्ट पोचली तर बरं होईल. बाई, स्वतःवर रागवू नकोस... तू त्यांना पाठवलंस म्हणून माझ्या भावासाठी कुणीतरी आलं. काकांना सांग, मी संक्रांतीला देवळालीला येतेय.